सोमवारची पानं

"हनुवटी जरा खाली. अजून थोडी. बास. नजर कुठं ठेवायची ते तुम्हांला सांगायला नको," असं म्हणत रणधीर इंगवले गुडघ्यावर बसला आणि खडूनं माझ्या पावलांभोवती रेघ ओढायला लागला.

चित्रासाठी बसणाऱ्या माणसाच्या पायांभोवती अशी रेघ ओढावी लागते. वीस मिनिटं बसायचं, पाच मिनिटं उठायचं, आणि परत येऊन त्याच रेघेत पाय ठेवायचे. हनुवटी तीच, पदराची घडीही तीच. सव्वीस वर्षं मी कोल्हापूरच्या आमच्या चित्रशाळेत हेच काम करत होते. तिथं शिकून गेलेल्या कुणाच्याही घरचा माळा झाडा, माझं नाक काढलेला एखादा कागद खाली पडेलच. बहुतेकांची नाकं चुकलेली आहेत. इंगवलेनं पहिल्या वर्षी काढलेल्या चित्रात तर माझा एक कान दुसऱ्यापेक्षा दोन बोटं वर गेला होता. आता तो मुंबईत मोठा चित्रकार झाला होता, आणि चित्रशाळेच्या वर्धापनदिनाला तीनशे माणसांसमोर माझं चित्र रंगवून दाखवायला आला होता. पूर्वी मला ताई म्हणायचा. त्या दिवशी बाई म्हणत होता.

पहिल्या रांगेत मधोमध, चाकांच्या खुर्चीत, वसगडे सर होते. इंगवलेचे आणि निम्म्या सभागृहाचे मास्तर. दोन वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली होती आणि तिच्याबरोबर वाचाही. आलेल्या सगळ्यांना इंगवलेचं नवं पुस्तक वाटत होते, तसं कुणीतरी त्यांच्याही मांडीवर ठेवलं. शेजारी बसलेल्या वहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, ते दोन बोटांत धरून उचललं आणि खुर्चीखाली टाकलं.

त्या पुस्तकातलं बरंचसं मला तोंडपाठ होतं, आणि ते इंगवलेचं नव्हतं.

आता हे मला कसं माहीत, ते सांगते. बसणाऱ्याची नजर भटकली की चेहरा बदलतो, म्हणून समोरची एक जागा ठरवून द्यावी लागते. इतर मास्तर एखादा खिळा दाखवायचे, नाहीतर खिडकीचा गज. वसगडे सर नवीन आले तेव्हा मला बसायला लागून चार वर्षं झाली होती. त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "मालनबाई, तुम्हांला वाचता येतं?"

"सातवी झालीय माझी," मी म्हणाले. जरा झोंबलंच होतं मला ते.

आमचा वर्ग तेव्हा याच सभागृहात भरायचा. पुढच्या सोमवारी बघते तर पोरांच्या पाठीमागच्या भिंतीवर, बरोबर माझ्या नजरेच्या उंचीला, एक कागद टाचलेला. बोरूनं लिहिलेला, मोठ्या सुट्या अक्षरात, चाळीस फुटांवरून वाचता यावा असा. त्यावर होतं, "आकार रेषेत नसतो. दोन रेषांच्या मधे जे सापडते तो आकार." मी ते सोमवारी वाचलं, मंगळवारी वाचलं, बुधवारी वाचलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. शुक्रवारी मला ते कळलं. शनिवारी घरी चुलीपुढं मी आपल्या दोन बोटांच्या मधली फट बघत बसले आणि तव्यावरची भाकरी करपली.

मग दर सोमवारी नवं पान. चित्राचे चार कोपरे नजरेला कसे ओढतात आणि त्यांच्याशी कसं भांडायचं. नाक काढू नये, नाकामुळं गालावर जे घडतं ते काढावं. जड आकार वर ठेवला की तो पडेल असं वाटतं, तर त्या भीतीला कामाला कसं लावायचं. चित्र कशानं उभं राहतं याचा सर रात्रंदिवस विचार करायचे आणि आठवड्याला जेवढा पिकेल तेवढा भिंतीवर लावायचे. त्यांचा एक नियम होता. लिहिलेलं खोडायचं नाही. चूक ध्यानात आली की पुढच्या सोमवारच्या पानाची सुरुवातच ते करायचे, "गेल्या सोमवारचे चूक." मास्तर चुकतो कसा हे पोरांनी बघितलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पण पोरांनी बघायला तर पाहिजे! त्यांची पाठ भिंतीला आणि तोंड माझ्याकडं. मी एकदा सरांना म्हणाले, "अहो, सांगा की पोरांना, मागं कागद आहे म्हणून." तर म्हणाले, "ज्याला बघायचं असेल तो वळेल." तीन वर्षं पानं लागली आणि एक पोरगं वळलं नाही. ऑफिसची नोटीस वाटायची त्यांना ती.

निवृत्त झाल्यावर सरांनी ती सगळी पानं फडक्यात बांधून इंगवलेच्या हातात दिली. मुंबईत टाइप करून आणतो, चांगलं पुस्तक काढू, असं तो म्हणाला होता. चार महिन्यांनी सरांना झटका आला. पुस्तक निघालं ते दोन वर्षांनी. वर नाव इंगवलेचं. आत सरांचं नाव एकदाच, ऋणनिर्देशात, रंगवाल्या दुकानदाराच्या खाली.

वर्धापनदिनाच्या आठ दिवस आधी वहिनी ते पुस्तक पिशवीत घालून माझ्या घरी आल्या होत्या.

"मालन, हे जरा वाच गं. मला चित्रातलं कळत नाही. पण ह्यांनी पहिलं पान बघितलं आणि रडायला लागले. दोन दिवस घास घेतला नाही."

मी पहिलं पान उघडलं. "आकार रेषेत नसतो." मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि पुढची ओळ म्हणून दाखवली. त्याच्या पुढची दोन पानंही म्हणून दाखवली. वहिनी पुस्तकात बोट घालून ताडून बघत होत्या आणि माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"कागद परत मागितले का?" मी विचारलं.

"फोन केला की. म्हणाला, कसले कागद? म्हणे थोडी टिपणं होती, सरांची आणि माझी मिळून, ती घर बदलताना कुठं गेली कुणास ठाऊक." वहिनींनी पुस्तक पिशवीत कोंबलं. "आयुष्यभर माणसानं दुसरं काही केलं नाही गं. चित्रं विकली नाहीत, नाव कमावलं नाही. तेवढे कागद होते. आणि आता ह्यांना 'माझं' एवढा शब्दसुद्धा म्हणता येत नाही. कोण सांगणार?"

"मी सांगते की," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हे कागद बघितलेत कुणी?"

"मी."

"आणखी?"

"आणखी कोण बघणार? सगळ्यांची पाठ होती तिकडं."

प्राचार्य हसले. त्यांच्या टेबलामागं पोरांनी चित्रं काढायचा एक माठ ठेवला होता, त्याच्याकडं बोट दाखवून म्हणाले, "मालनबाई, उद्या हा माठ उठून मला चित्रकला शिकवायला लागला तर कसं व्हायचं? तुम्हांला लोकांनी बघायचं असतं. तुम्ही बघायचं नसतं. इंगवले म्हणजे आपल्या शाळेचं नाव आहे. त्यांनी वर्धापनदिनाला खास तुम्हांलाच बसवा म्हणून सांगितलंय. तर बसायचं, आणि तोंड उघडायचं नाही."

राग अनावर झाला की मला तिथल्या तिथं बोलता येत नाही. घरी आल्यावर भांडी आपटते. त्या दिवशी दोन ताटं चेपली.

म्हणून तर बसले होते मी त्या चौथऱ्यावर. पळून जाता आलं असतं, ताप आला म्हणता आलं असतं. पण सरांच्या बाजूनं साक्ष द्यायला सबंध कोल्हापुरात मी एकटी होते, आणि तीनशे माणसं समोर बसलेली मला परत कुठं मिळणार होती?

पहिल्या बैठकीत मी गप्प राहिले. इंगवलेनं कॉलरला माईक लावला होता. रंगवता रंगवता तो बोलत होता, आणि खोटं कशाला सांगू, हात त्याचा चांगला चालत होता. कपाळ, गालाचं हाड, मानेवरची सावली, भराभर उतरत होतं. पण बोलणं! त्याच्या तोंडून ओळ निघायच्या आधी मला ती माहीत असायची. चार कोपऱ्यांचं भांडण झालं, जड आकाराची भीती झाली. लोक माना डोलवत होते. मी नेहमीच्या जागी, मागच्या भिंतीवर बघत होते, आणि खाली पहिल्या रांगेत सरांचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर उघडझाप करताना मला नजरेच्या कडेनं दिसत होता.

घंटा झाली. पाच मिनिटांची विश्रांती. लोक चहाकडं वळले. मी चौथऱ्यावरून उतरून इंगवलेच्या जवळ गेले. तो ब्रश पुसत होता.

"रणधीर," मी हळूच म्हणाले, "सरांचं नाव घे. एकदाच घे. ही पानं सरांची, मी छापली, एवढंच म्हण. पुस्तक तुझं राहू दे, मान तुझा राहू दे."

"कुठली पानं, बाई?"

"मला विचारतोस? त्याच भिंतीकडं तोंड करून बसलेय मी."

त्यानं ब्रश पुसायचं फडकं खाली टाकलं. मग म्हणाला, "सरांनी कागद भिंतीला लावले. मी नसतो तर ते भिंतीलाच राहिले असते. तिथं वाचले होते कुणी?"

"मी वाचले."

तेव्हा त्याची मुंबईची भाषा गळून पडली. "ताई, गप बस की गं! तुला काय कळतंय त्यातलं? तू बसायचं, मी बोलायचं. आजवर असंच चालत आलंय न्हवं?"

"ताई म्हणालास. बरं वाटलं," मी म्हणाले, आणि जाऊन खडूच्या रेघेत पाय ठेवले.

दुसरी बैठक सुरू झाली. इंगवले सावरला होता. त्यानं ओठांसाठी तांबूस रंग कालवला, ब्रश आडवा धरून माझ्या तोंडाचं माप घ्यायला अगदी जवळ आला, आणि लोकांकडं वळून म्हणाला, "माझ्या पुस्तकातल्या एका वाक्याबद्दल मला सगळ्यांत जास्त पत्रं आली. ते वाक्य असं आहे. मोकळी जागा म्हणजे चित्राची विश्रांती. तिथे नजर टेकते."

टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर मी म्हणाले, "चूक."

माईक त्याच्या कॉलरला आणि कॉलर माझ्या तोंडाशी. माझा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"बाई, मी ओठ रंगवतोय," तो हसून म्हणाला. "बोलू नका."

"मग ओठ शेवटी रंगवा."

मागं कुणीतरी खुदकन हसलं. मी हनुवटी हलवली नाही, नजर हलवली नाही. पदराची घडीसुद्धा मोडली नाही. तशीच बसून बोलायला लागले. "हे वाक्य तुमचं नाही. हे वसगडे सरांनी श्रावणातल्या एका सोमवारी लिहून लावलं होतं. मी आत्ता बघतेय त्या भिंतीवर."

तीनशे माणसांनी माना वळवून मागं बघितलं. तिथं काही नव्हतं, वर्धापनदिनासाठी नुकताच रंग दिलेली कोरी भिंत होती. पण मला काय वाटलं म्हणून सांगू! इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी वळलं होतं.

"आणि पुढच्या सोमवारी," मी म्हणाले, "सरांनी ते वाक्य चूक म्हणून दुसरं पान लावलं. तुम्हांला दिलेल्या गठ्ठ्यात दोन्ही पानं होती. तुम्ही छापायला चुकलेलं घेतलं."

"मंडळी, माफ करा," इंगवले म्हणाला. "दिव्यांच्या उष्णतेचा बाईंना त्रास होतोय. आपण थोडं थांबू."

प्राचार्य चौथऱ्यापाशी आलेच होते. दातओठ खात म्हणाले, "मालनबाई, खाली उतरा."

"आठच मिनिटं झालीत. वीस व्हायचीत. घंटा होईपर्यंत जागा सोडायची नसते, हे मी तुमच्याच शाळेत शिकले."

"मी सांगतोय, उतरा!"

"घंटा झाल्यावर."

आता माणसं बघत असताना बाईमाणसाला हाताला धरून तर उतरवता येत नाही. प्राचार्य तसेच उभे राहिले. तेवढ्यात मधल्या रांगेतून एक जाडसर गृहस्थ उठले. मी त्यांच्याकडं नजर वळवली नाही, पण आवाजावरून ओळखलं. गडहिंग्लजला चित्रकलेचे मास्तर आहेत, आनंदा चव्हाटे. इंगवलेच्याच वर्गातले.

"बोलू द्या की त्यास्नी," ते म्हणाले. "कागद होते. मी बघितल्यात. वाचले न्हाईत, ते माझं पाप. मला वाटायचं ऑफिसची नोटीस हाय." त्यांनी घसा खाकरला. "ताई, दुसऱ्या पानावर काय होतं?"

मी त्या कोऱ्या भिंतीवर बघितलं आणि वाचावं तसं म्हणायला लागले.

"गेल्या सोमवारचे चूक. मोकळी जागा विश्रांती घेत नाही. चित्रात सगळ्यांत जास्त काम तीच करते. बाकीच्या आकारांना ती जागच्या जागी धरून ठेवते, आणि धरले आहे हे कळू देत नाही. जो हलत नाही तो आराम करतो आहे, असे समजणारा चित्रकार आळशी आहे."

मी थांबले. इंगवले माझ्यापासून दोन हातांवर होता. त्याचा ब्रश हवेतच राहिला होता आणि तांबूस रंगाचा एक थेंब त्याच्या बुटावर पडला. बाकी कुणाला नसलं तरी त्याला ते पान माहीत होतं. त्याच्याच हातात होतं ते.

"अजून एक ओळ राहिली आहे," मी म्हणाले. "खालची, शेवटची. ती ओळ आहे म्हणूनच तुम्ही ते पान छापलं नाही. तुमचं पुस्तक आहे ना? मग म्हणा ती ओळ."

"मला असल्या कुठल्या..."

"म्हणा की, रणधीर."

त्यानं म्हटली नाही. मीही म्हटली नाही. ती ओळ माझ्या जिभेवर होती, पण तीनशे माणसांत ती मला उच्चारवेना. पहिल्या रांगेतून मात्र धप धप आवाज यायला लागला. सर डाव्या हातानं खुर्चीची दांडी बडवत होते. त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं होतं आणि डोळे माझ्यावर होते. मला वाटलं, सर खूश झालेत. लोकांनाही तसंच वाटलं, कारण आधी चव्हाटे मास्तरांनी आणि मग एकेकानं टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

इंगवलेनं ब्रश खाली ठेवला. कॉलरचा माईक काढला, त्याचा मोठा खरखर आवाज झाला, आणि तो बाजूच्या दारानं निघून गेला. प्राचार्य त्याच्या मागं धावले. मी बसून राहिले. चौथऱ्याजवळची पोरं म्हणाली, "मावशी, उठा आता." मी म्हणाले, "घंटा होऊ दे." अजून आठ मिनिटं होती. मी ती सगळी बसले. मग घंटा झाली आणि मी उठले.

आज त्याला एकोणीस वर्षं झाली. दुसऱ्याच दिवशी प्राचार्यांनी शिपायाबरोबर निरोप पाठवला, की यापुढं यायची गरज नाही. ते पुस्तक अजून दुकानात मिळतं, त्यावर नाव अजून इंगवलेचंच आहे. मी काही कोर्टकचेरी करणारी बाई नव्हे. त्या दिवशीचं ते अर्धं चित्र शाळेच्या अडगळीत आहे म्हणतात. ओठ नाहीत त्याला.

पण वर्धापनदिनानंतरच्या रविवारी सकाळी नऊ वाजता माझ्या मंगळवार पेठेतल्या खोलीच्या दारात चव्हाटे मास्तर उभे. मागं चित्रशाळेची अकरा पोरं, प्रत्येकाच्या हातात वही.

"ताई, सगळी पानं सांगा. पहिल्यापासनं. लिहून घेतो," मास्तर म्हणाले.

खोली ती केवढी! पोरं दाटीवाटीनं जमिनीवर बसली, दोघं उंबऱ्यावर. थोड्या वेळानं रिक्षा थांबली आणि वहिनी सरांना घेऊन आल्या. त्यांना कॉटवर उशा लावून बसवलं. मी स्टुलावर बसले, आणि बघते तर काय, अकराच्या अकरा पोरं सवयीनं माझ्या तोंडाकडं टक लावून बसलेली.

"आज बघायचं काम नाही," मी म्हणाले. "माना खाली घाला आणि लिहा."

तीन रविवार चाललं ते. कुठं एखादा शब्द माझ्याकडून इकडचा तिकडं झाला तर सर डावा हात उचलायचे, मी दुसरा शब्द घालून बघायचे, बरोबर आला की हात खाली. तिसऱ्या रविवारी श्रावणातलं ते पान आलं. त्याच्या मागोमाग दुसरं. "जो हलत नाही तो आराम करतो आहे, असे समजणारा चित्रकार आळशी आहे," मी सांगितलं, पोरांनी लिहिलं, आणि मी म्हणाले, "आता पुढचं पान."

सरांनी हात उचलला.

"आळशीच होतं ना, सर?" मी विचारलं. हात खाली येईना. मी वाक्य परत म्हटलं. सरांनी कॉटच्या कडेवर हात आपटला. परत आपटला. धप, धप.

"काय हवंय? पाणी देऊ?" वहिनी म्हणाल्या.

सर त्यांच्याकडं बघतच नव्हते. त्या दिवशी सभागृहात त्यांनी दांडी बडवली होती ती खुशीनं नव्हे, हे मला तेव्हा कुठं कळलं. ते माझ्यावर चिडले होते.

त्या श्रावणात काय झालं होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. विश्रांतीचं ते पान आठवडाभर वाचून माझं डोकं भडकलं होतं. शनिवारी वर्ग सुटल्यावर मी सरांना म्हणाले होते, "न हलणं म्हणजे विश्रांती होय? या, बसून बघा वीस मिनिटं. मग लिहा." दुसऱ्या मास्तरनं मला हाकलून दिलं असतं. सर खरंच चौथऱ्यावर चढून बसले. मी खडू घेतला आणि त्यांच्या पायांभोवती रेघ ओढली. सातव्या मिनिटाला त्यांच्या मानेला रग लागली, बाराव्याला पाय थरथरायला लागला. विसावं मिनिट काही त्यांना गाठता आलं नाही. घामानं डबडबले होते. "काय काय धरून ठेवता हो तुम्ही," एवढंच म्हणाले, आणि सोमवारी ते नवं पान लावलं. खाली ती शेवटची ओळ. आठवडाभर मी ती वाचली होती, वाचताना हलायचं नाही म्हणून रडूही शकले नव्हते. त्यानंतर ती कधी तोंडावर आणली नाही. आपलं आपण कसं म्हणायचं?

सर हात आपटत होते. अकरा पोरं माना वर करून माझ्याकडं बघत होती, आणि या वेळी मी त्यांना खाली बघा म्हणाले नाही.

"सांगते, सर, सांगते," मी म्हणाले. पाठ ताठ केली. "लिहा रे. शेवटची ओळ. हे मला मालन कुरणे यांनी सांगितले."

पेन्सिली कागदावर चालायला लागल्या. एका पोरानं लिहिता लिहिता विचारलं, "मावशी, नुसतं मालनबाई लिहू?"

"नाही," मी म्हणाले. "सरांनी लिहिलंय तसं लिही. आडनावासकट."